ब्रोशरमधलं गाव आणि किचनमधले टाके

मी कॅरिबियनला कधीच गेलेले नाही. तरी तिथल्या एका किनाऱ्याच्या गावाबद्दल मला कोणी गाढ झोपेतून उठवून विचारलं, तर कुठल्या हॉटेलच्या कुठल्या बाजूने समुद्र दिसतो आणि कुठल्या बाजूने नुसती जनरेटरची खोली, हे मी धडाधड सांगेन. क्रॉयडनच्या एका ट्रॅव्हल एजन्सीत बसून मी नऊ वर्षं ते गाव विकलं. थंडीने नाक लाल झालेली माणसं आत यायची, हातमोजे काढायची, आणि मी ब्रोशर उघडून त्यांच्यापुढे सरकवायचे. पांढरीशुभ्र वाळू. काचेच्या तळाची होडी, खाली प्रवाळ आणि रंगीत मासे. बांबूच्या तराफ्यावर बसून नदीतून दोन तासांची सैर. डोंगरावर उसाच्या मळेवाल्याचा जुना बंगला, तिथल्या मालकिणीने म्हणे एकामागून एक तीन नवरे मारले आणि आता तिचं भूत फिरतं. हा बंगला फार खपायचा. नवरे मारणाऱ्या बाईचं भूत बघायला माणसं हजारो मैल जातात हो! बायकोला मारणाऱ्यांची घरं दाखवायची म्हटली तर टूर संपायचीच नाही.

मी बोलते ही अशी. आधी बोलत नव्हते, त्याची भरपाई चालू आहे.

नवरा हाडांचा डॉक्टर. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला लग्न होऊन मी पुण्याहून आले ती आधी ग्लासगोला. तिथे मुलगी झाली. मग त्याची नोकरी बदलली तसे आम्ही क्रॉयडनला आलो. हॉस्पिटलात तो रजिस्ट्रार, म्हणजे वरच्यांच्या हाताखालचा, त्याचा मुख्य डॉक्टर, कन्सल्टंट, काही होईना. त्याने शिकवलेली गोरी पोरं त्याच्या पुढे निघून जायची, आणि प्रत्येक इंटरव्ह्यूनंतर तो घरी येऊन कोट, बूट न काढता जिन्याच्या पायरीवर बसून राहायचा. मला त्याची कीव यायची. कीव कसली, डोंबल! कीव करता करता मी चार वर्षं मार खाल्ला.

मारायचा तो रविवारी. बाकीचे दिवस ऑपरेशन थिएटर, क्लिनिक, ऑन-कॉल. रविवारी दुपारी साग्रसंगीत जेवण, वरण-भात-तूप, लिंबाची फोड, आणि मग काहीतरी निघायचं. कोशिंबिरीत मीठ जास्त पडलं. आईशी फोनवर वीस मिनिटं बोललीस. त्या कन्सल्टंटच्या बायकोसमोर तुझं इंग्रजी ऐकून मला लाज वाटली. मी पोरीला वरच्या खोलीत पाठवायचे आणि दार लोटून घ्यायचे. पहिल्या वेळी त्याने आमटीचं पातेलं उचलून माझ्या अंगावर फेकलं. ते खांद्याला लागलं आणि कढत आमटी मानेवरून पाठीत उतरली. मी किंचाळले, तर ओट्यावरचं फडकं माझ्या तोंडात कोंबलं, का, तर शेजारची म्हातारी ऐकेल. दुसऱ्या वेळी केस धरून माझं डोकं फ्रीजच्या दारावर आपटलं, तीनदा. हाडांचा डॉक्टर तो. कुठे मारलं की हाड मोडत नाही आणि कुठला वळ ब्लाउजच्या बाहीखाली झाकला जातो, सगळं त्याला पाठ. पण राग डोक्यात गेल्यावर शिक्षण कुठलं आठवतंय? एका रविवारी त्याने मला मागच्या दारावर ढकललं. दाराला काच होती. माझा उजवा हात कोपरापर्यंत काचेतून पलीकडे गेला.

रक्त बघून तो पांढराफटक पडला आणि फोनकडे धावला. मला वाटलं अ‍ॅम्ब्युलन्स बोलावतोय. त्याने फोन केला भाऊजींना. भाऊजी म्हणजे त्याचा मेडिकल कॉलेजपासूनचा मित्र, दुसऱ्या हॉस्पिटलात सर्जन, आमच्या घरापासून दहा मिनिटांवर राहणारा. मी त्यांना भाऊजी म्हणायचे, ते मला वहिनी. बॅग घेऊन आले, किचनच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, इंजेक्शन दिलं आणि माझ्या हाताला एकवीस टाके घातले. हात हलका होता त्यांचा, खोटं का बोलू. "बघा वहिनी, सहा महिन्यांनी शोधून सापडणार नाही," म्हणाले. मग हात धुऊन खुर्चीत बसले. आणि ऐका, मी उठून त्यांना चहा केला. डाव्या हाताने. आलं किसायला जमलं नाही म्हणून वर सॉरीसुद्धा म्हटलं.

हे आमच्याच लोकांत व्हावं. शेजारच्या इंग्रज म्हातारीचं बोट कापलं तर ती हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जाऊन रांगेत बसायची. आम्ही कशाला बसू? घरात डॉक्टर, ओळखीत डॉक्टर, महाराष्ट्र मंडळात तीस डॉक्टर. पोरीचा कान दुखला की फोडणी देता देता फोनवर औषध विचारून व्हायचं. आमचा जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, तोसुद्धा मंडळाचा सेक्रेटरी. मला याचा कोण अभिमान! आईला पत्रात लिहायचे की इथे आपल्याला हॉस्पिटलची पायरी कधी चढावी लागत नाही. चार वर्षांत नवऱ्याने मला चारदा फोडलं आणि चारही वेळा भाऊजींनी किचनमध्ये शिवलं. कुठल्याही कागदावर त्यातलं काही नव्हतं. वर मंडळाच्या गणपतीत आम्ही दोन्ही जोडपी एका टेबलावर बसून मोदक खायचो.

एजन्सीत माझ्या शेजारच्या डेस्कवर एक बाई बसायच्या. साठीला आलेल्या, जमैकाच्या, आणि नेमक्या त्याच गावच्या. तरुणपणी बोटीने इंग्लंडला आलेल्या. मी त्यांना मावशी म्हणायचे. अर्थ सांगितला तेव्हा म्हणाल्या, "आईची बहीण? मग माझाही डबा आणत जा." मंडळात त्यांचा उल्लेख "तुझी ती काळी मैत्रीण" असा व्हायचा. आम्ही स्वतः जसे काही दुधात न्हालेले!

जुलै महिना, बाहेर माणसं उकाड्याने हैराण, आणि मी पूर्ण बाह्यांचा स्वेटर घालून बसलेली. मावशी सकाळभर बघत होत्या. लंच-ब्रेकमध्ये त्यांनी मला मागच्या खोलीत नेलं, जिथे ब्रोशरचे खोके रचलेले असायचे, आणि म्हणाल्या, "बाही वर कर." मी केली. त्यांनी हात खिडकीपाशी नेऊन नीट पाहिला.

"छान शिवलाय. कुठल्या हॉस्पिटलात?"

"घरी."

त्यांनी माझा हात सोडला, एका खोक्यातून त्यांच्या गावाचं ब्रोशर काढलं आणि खोक्यावरच बसल्या. "रोज विकतेस ना हे? बस. आज मी सांगते."

त्या दिवशी कळलं की त्या किनाऱ्यावरून आधी स्पॅनिश लोक रानडुकरांची चरबी बोटीत भरून न्यायचे, गावाचं नावच मुळी चरबीवरून पडलं. मग इंग्रज आले. त्यांनी ऊस लावला आणि तो तोडायला आफ्रिकेतून माणसं धरून आणली. डोंगरावरचे बंगले त्या उसाचे. मावशींनी गावातल्या चौकाच्या फोटोवर बोट ठेवलं. फोटोत फुलं, छत्र्या, आइस्क्रीमची गाडी. "कोपऱ्यात दगडी खोली दिसते? टूरिस्ट तिथे फोटो काढतात. ती कोठडी. पळालेल्या गुलामांना आणि दारू पिऊन दंगा करणाऱ्या खलाशांना कोंडायला बांधली. दुपारी घंटा व्हायची. घंटेनंतर मळ्यावरचा माणूस रस्त्यात दिसला की आत. मग चाबूक."

आणि मग दीडशे वर्षांपूर्वीचा तो ख्रिसमस. मळ्यांवरच्या माणसांनी ठरवलं की सुट्टीनंतर मजुरी मिळाल्याशिवाय उसाला हात लावायचा नाही. चर्चमध्ये प्रवचन करणारा एक तरुण गुलाम त्यांचा पुढारी. त्याने सांगितलं होतं नुसतं बसून राहा. पण कुठेतरी एका मळ्याला आग लागली आणि मग एकामागून एक डोंगर पेटत गेले. लष्कर आलं. चौकात फाशीचा खांब उभा राहिला. एका वेळी तिघा-चौघांना लटकवायचे, पुढच्यांना जागा हवी झाली की दोर कापून आधीच्यांना तिथेच खाली पाडायचे, आणि दिवस संपला की गाडीत घालून गावाबाहेरच्या खड्ड्यात. हे कित्येक आठवडे चाललं. शेवटी त्या तरुणालाही तिथेच टांगलं. "आइस्क्रीमची गाडी उभी आहे ना," मावशी म्हणाल्या, "त्याच्याच आसपास."

"आणि हा बीच. तुझं सगळ्यात लाडकं गिऱ्हाईक इथेच जातं." तो किनारा एका डॉक्टरचा होता. त्याने तो पोहण्याच्या क्लबाला दिला. तिथल्या पाण्याने दुखणी बरी होतात असा बोलबाला झाला, मग हॉटेलं आली. मेंबर असाल तरच आत, आणि मावशींच्या रंगाचं कोणी मेंबर होत नसे. त्या लहानपणी कुंपणाला नाक लावून बघायच्या. त्यांचा भाऊ एकदा कुंपणावरून उडी मारून आत गेला तर रखवालदाराने त्याला असं बडवलं की एका कानाने ऐकू येणं कायमचं गेलं. त्यालाही आईने घरीच पाला बांधला.

"मळेवाल्यांचं काय काय जळलं त्याच्या याद्या आहेत," मावशी म्हणाल्या. "कुठल्या बंगल्याच्या किती खिडक्या गेल्या ते आजही वाचता येतं. ज्यांच्या पाठी सोलल्या त्यांचं कोणी लिहिलं नाही. तुझा हात कुठे लिहिलाय?"

"कुठेच नाही."

"मग पुढच्या वेळी, जिथे लिहून घेतात तिथे जा."

पुढच्या वेळी! मी अशी भडकले! म्हटलं, पुढची वेळ येणार नाही, आणि आमच्या घरची तुमच्या गुलामांशी तुलना करायची काही गरज नाही, माझा नवरा शिकलेला माणूस आहे. मावशींनी माझ्या डब्यातली साबुदाण्याची खिचडी खाल्ली आणि डबा धुऊन दिला. पुढची वेळ दोन महिन्यांत आली. खालचा ओठ, सहा टाके. मी परत किचनच्या टेबलाशीच बसले.

दोनेक वर्षं अशीच गेली. मग एका फेब्रुवारीत माझ्या डेस्कवर फोन वाजला. भारताची तिकिटं काढणारा एक ओळखीचा एजंट होता. तुमच्या मिस्टरांनी आमच्याकडे बुकिंग केलंय, म्हणाला, तुम्ही ट्रेडमधल्या, तेव्हा काही सवलत बघतो. "ईस्टरचंच ना? मोठं एक, रिटर्न. लहान एक, वन-वे."

दिवसाला मी वीस तिकिटं काढत होते. लहानाचं एकेरी म्हणजे काय ते मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. नवरा वर्षभर म्हणतच होता, पोरगी इथे बिघडतेय, "माझा आई" आणि "मोठी आंबा" असलं मराठी बोलते, आईकडे पुण्याला ठेवू. पोरगी सात वर्षांची. तिचं नाव त्याच्या पासपोर्टात, आणि पासपोर्ट त्याच्या कुलपाच्या खणात. ईस्टरला तो तिला घेऊन जाणार होता आणि एकटा परत येणार होता. मी फोन ठेवला आणि समोरच्या गिऱ्हाइकाला म्हटलं, एक्सक्यूज मी, आणि टॉयलेटमध्ये जाऊन ओकले.

चपलांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक सॉलिसिटर बाई बसायची. दुसऱ्या दिवशी मी तिच्यासमोर. ती म्हणाली, मुलीला नेण्यापासून थांबवायची ऑर्डर मागता येईल, पण जज विचारेल का थांबवू? तो डॉक्टर, घर त्याचं, मुलीला आजीकडे नेतोय. तो तुम्हाला मारतो याला पुरावा काय आहे? हॉस्पिटलचे कागद? जीपीच्या नोट्स? पोलीस? मी बाही वर केली.

"एवढे टाके! कुठे घातले?"

"किचनमध्ये."

तिने पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, ज्याने घातले त्याच्याकडून लिहून आणा. तेवढं आणलंत तर मुलगी तुमच्याकडे राहील.

मी भाऊजींच्या घरी गेले. त्यांच्या बायकोने चहा आणि चिवड्याची बशी पुढे ठेवली. मी काय हवंय ते सांगितलं. भाऊजींनी चष्मा काढून पुसला.

"वहिनी, मी काय पाहिलं? मी आलो तेव्हा तुमचा हात कापलेला होता. मी टाके घातले. बस."

"आणि डोकं? ओठ? दर वेळी मीच पडते का हो, भाऊजी?"

"हे बघा, असे प्रकार मी घरी करतो हे लेखी दिलं तर माझं रजिस्ट्रेशन जाईल."

त्यांची बायको म्हणाली, "अगं, पोरीसाठी तरी सांभाळून घे."

"पोरीसाठीच आलेय ना मी!" मी ओरडले, आणि चिवड्याची बशी भिंतीवर फेकून मारली. जन्मात पहिल्यांदा मी काही फेकलं. बशीचे तुकडे टीव्हीमागे, शेंगदाणे सगळ्या कार्पेटभर. खरं सांगते, बरं वाटलं.

त्यांनी ते नवऱ्याला सांगितलं, सांगणारच. त्या रविवारी त्याने माझा गळा धरला. दोन्ही अंगठे खळगीत, शांतपणे, माझ्या डोळ्यांत बघत. "माझ्या मित्राच्या घरी जाऊन तमाशा करतेस? पोरगी पुण्याला जाणार. पुन्हा तोंड उघडलंस तर ते बंद कसं करायचं ते मला ठाऊक आहे." मला समोरचं काळं दिसायला लागलं तेव्हा सोडलं. सोमवारी सकाळी घशातून आवाज फुटेना. मावशी म्हणाल्या, कॅज्युअल्टीत जा. तिथे ड्युटीवर नवराच होता. मग म्हणाल्या, जीपीकडे जा. जीपी संध्याकाळी आमच्याकडेच कॅरम खेळायला येणार होता. मी गळ्याला स्कार्फ बांधला आणि कोण्या जोडप्याला चौदा दिवसांचं, ब्रेकफास्टसकट, समुद्राच्या बाजूच्या खोलीचं बुकिंग करून दिलं.

आता मंडळाचं. मंडळाने कॅरिबियनची ग्रुप-टूर ठरवली होती आणि मी त्या धंद्यातली, म्हणून पाडव्याच्या कार्यक्रमात स्लाइड्स दाखवून गावाचा इतिहास आणि प्रेक्षणीय स्थळं सांगायचं काम हिवाळ्यातच माझ्याकडे आलं होतं. नवऱ्याला ते मोडता येईना, लोकांत मी हसतमुख दिसायला हवी असायचे. पाडवा बुधवारी होता, पण आमचे सगळे सण रविवारी. शाळेचा हॉल भाड्याने घेतलेला, दुपारचं श्रीखंड-पुरीचं जेवण झालेलं, स्टेजवर टेबलाच्या पायाला गुढी बांधलेली: जरीचं वस्त्र, कडुलिंब म्हणून कुठलातरी इंग्रजी पाला, साखरेची गाठी आणि वर उपडा तांब्याचा गडू. ऐंशी माणसं. पहिल्या रांगेत भाऊजी. तिसऱ्या रांगेत नवरा, शेजारी परकर-पोलक्यातली माझी पोरगी. विमानाला बारा दिवस उरलेले.

मी काही ठरवून गेले नव्हते हो. देवाशपथ. बीच दाखवला, लोक खूश. होडी, तराफा, धबधबा, क्रिकेटचं मैदान. मग मावशींनी दिलेली स्लाइड आली, चौकातली कोठडी. मी घंटेचं सांगितलं. चाबकाचं सांगितलं. फाशीचं सांगायला लागले आणि मागून कोणीतरी म्हणालं, "वहिनी, पाडव्याच्या दिवशी हे कशाला? शॉपिंगचं सांगा की."

माझं टाळकंच फिरलं. "सांगते ना शॉपिंगचं," मी म्हटलं. "पण आधी हे ऐका. तिथे जळलेल्या बंगल्यांच्या याद्या आहेत आणि मार खाल्लेल्या माणसांच्या नाहीत. आपल्यातही तसंच आहे." मी बाही वर केली आणि हात प्रोजेक्टरच्या उजेडात धरला. मागच्या पडद्यावर त्याची ही मोठी सावली पडली. "एकवीस टाके आहेत. नवऱ्याने मला काचेतून आरपार ढकललं. शिवणारे पहिल्या रांगेत बसलेत. भाऊजी, मला फक्त दोन ओळी लिहून द्या. हा माझी पोरगी घेऊन चाललाय."

भाऊजींनी मान खाली घातली. नवरा हसत हसत उठला. "हिला जरा बरं नाहीये," असं डावीकडे, उजवीकडे सांगत स्टेजवर आला आणि प्रोजेक्टरच्या बटणाकडे त्याने हात नेला. मी तो हात धरला आणि सगळ्या ताकदीने चावले. त्याचं हसू गेलं. त्याने दुसऱ्या हाताने गुढीची काठी उपटली, टेबल उलटलं, आणि ती काठी माझ्या डोक्यात घातली. गडू कपाळावर बसला. दुसरा फटका खांद्यावर. तिसऱ्याला काठीच मोडली. मी खाली पडले तेव्हा डोळ्यांत रक्त होतं आणि तोंडात साखरेची गाठी. पहिल्या रांगेतून एक आजी ओरडल्या, "अरे देवा, गुढी! गुढी पाडली!" ऐकलंत ना? गुढी.

मग एकदम गलका. चौघांनी नवऱ्याला धरून खुर्चीत बसवलं, कोणी त्याचा कोट काढून नीट घडी घालून ठेवला. भाऊजी माझ्याजवळ आले, कपाळावर रुमाल दाबला आणि सवयीने म्हणाले, "चला, किचनमध्ये घ्या यांना. बॅग गाडीतच आहे माझी."

"हात लावू नका," मी म्हटलं. "कोणी लावायचा नाही."

"वहिनी, रक्त फार जातंय."

"जाऊ दे."

शाळेचा केअरटेकर, एक म्हातारा इंग्रज, दारात येऊन उभा होता. मी त्याला ओरडून सांगितलं, नाइन नाइन नाइन फिरवा, अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा. मंडळाचे अध्यक्ष मध्ये पडले, "अहो, अ‍ॅम्ब्युलन्स काय करायचीय? तीस डॉक्टर आहेत इथे!" केअरटेकरने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि फोनकडे गेला. अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंतच्या दहा-बारा मिनिटांत तीसच्या तीस डॉक्टर माझ्याभोवती उभे होते. मी भिंतीला टेकून बसले, रुमाल फेकून दिला आणि साडीचा पदर स्वतःच कपाळाला धरला. भोवळ येत होती. भीती एकच होती, की मी बेशुद्ध पडेन आणि हे मला गुपचूप शिवून टाकतील.

अ‍ॅम्ब्युलन्सवाला आला, गुडघ्यावर बसला, विचारलं, काय झालं? मी तोंड उघडायच्या आत अध्यक्ष म्हणाले, स्टेजवरून घसरली. आमचा जीपी म्हणाला, हो, पायऱ्यांवरून. भाऊजी गप्प. मी म्हटलं, माझ्या नवऱ्याने मारलं, आणि नवरा खुर्चीतूनच अगदी डॉक्टरी आवाजात म्हणाला, ती कन्फ्यूज्ड आहे, हेड इंज्युरी आहे. अ‍ॅम्ब्युलन्सवाल्याने एवढ्या सगळ्या डॉक्टरांकडे बघितलं. त्याचं पेन तिथेच थांबलं.

तेव्हा माझी पोरगी सगळ्यांच्या कोटांमधून वाट काढत पुढे आली. "बाबांनी मारली आईला," आधी मराठीत म्हणाली, मग त्या माणसाकडे वळून स्वच्छ इंग्रजीत, मोठ्याने: "डॅडीने तिला त्या काठीने मारलं. तो तिला दर रविवारी मारतो. आणि मग हे काका तिला आमच्या किचनमध्ये शिवतात." आणि तिने भाऊजींच्या पोटाकडे बोट दाखवलं. त्या माणसाने तिचं म्हणणं जसंच्या तसं लिहून घेतलं.

त्या दिवशी मी या देशात पहिल्यांदा कॅज्युअल्टीत गेले. कपाळाला नऊ टाके, खांद्याचं हाड मोडलेलं. फॉर्मवर एका तरुण डॉक्टर मुलीने माझ्यासमोर लिहिलं की पतीने मारहाण केली. पोलीस तिथेच आले. गुरुवारी कोर्टाने त्याचा पासपोर्ट काढून घेतला, आणि ईस्टरच्या शुक्रवारी ते विमान माझ्या पोरीशिवाय गेलं.

पण ती कोणाकडे राहणार हे ठरायला उन्हाळा लागला. मी आणि पोरगी तोवर मावशींच्या मागच्या खोलीत. मंडळाने आमचं नाव वगळलं, टूर मात्र दुसऱ्या एजंटाकडून झाली. नवऱ्याच्या वकिलाचं म्हणणं होतं की आईने पोरीला पढवलंय. म्हणून कोर्टाने नेमलेली एक बाई शाळेत जाऊन तिच्याशी एकटीशी बोलली, "तुला हे बोलायला कोणी शिकवलं का?" असं विचारलं, आणि पोरीने सांगितलेलं रिपोर्टात लिहिलं. तो रिपोर्ट मी सॉलिसिटरच्या ऑफिसात वाचला. रविवारी आई मला वर पाठवते, असं त्यात होतं. मी झोपत नाही. खालचा आवाज खूप मोठा झाला की मी किचनमध्ये जाते आणि पाणी मागते, कारण पाणी मागितलं की बाबांना थांबून ग्लास भरून द्यावा लागतो. कधी कधी ते परत सुरू करतात, मग मी अजून मागते. एकदा मी पाच ग्लास प्यायले आणि मला उलटी झाली.

पोरगी माझ्याकडे राहिली. पण त्या ऑफिसात मी तो कागद हातात धरून अशी मोठ्याने रडले की खालच्या दुकानातली मुलगी जिना चढून वर आली. जेवल्यावर पोर एवढं पाणी पाणी करते म्हणून दोन वर्षं मी आमटीत तिखट कमी घालत होते.